स्टेडियमबाहेरचा ढोल

मी कॉलेज रोडवरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्ताचे नमुने घेते. उपाशीपोटी आलात का, असं विचारलं की समोरचा माणूस हमखास हो म्हणतो, आणि बऱ्याचदा त्याच्या तोंडाला चहाचा वास येत असतो. अनेक वर्षं हेच पाहिल्यामुळे कुणाचंही बोलणं मनातल्या मनात तपासून घ्यायची मला सवय लागली आहे. घरी आल्यावरही ती सुटत नाही. त्यामुळे धाकटा भाऊ परदेशातून फोन करून ‘सगळं चांगलं आहे’ म्हणायचा, तेव्हा माझं समाधान व्हायचं नाही. चांगलं म्हणजे काय, काय जेवलास, कुणाबरोबर जेवलास, असं मी विचारत बसायचे. तो हसायचा आणि म्हणायचा, ताई, तू सुई टोचल्याशिवाय सोडायची नाहीस.

आम्ही सातपूरचे. आप्पा, म्हणजे माझे वडील, इथल्याच एका इंजिनिअरिंग कारखान्यात टर्नर होते आणि निवृत्त होईपर्यंत युनियनचं काम करत होते. संपाच्या दिवसांत गेटसमोर भाषण करणारे आप्पा मी आईच्या कडेवर बसून पाहिले आहेत. कंपनी, कंत्राटदार, पुढारी, पेपरवाले, यांतल्या कुणाचंही बोलणं ते ऐकल्या ऐकल्या खरं धरत नसत. माझ्या संशयी स्वभावाचं मूळ लॅबमध्ये कमी आणि घरात जास्त असावं.

भाऊ आयटीआय करून स्कॅफोल्डिंगच्या कामाला लागला. उंच बांधकामाभोवती लोखंडी पाइपांचा सांगाडा उभारायचा आणि काम झालं की तो उतरवायचा. उंचीची त्याला भीती नव्हती. दुसरी गोष्ट त्याला येत होती ती म्हणजे ढोल. आमच्या वस्तीतल्या जयंतीच्या मिरवणुकीत तो पुढच्या रांगेत असायचा. एका हातात टिपरू, दुसरा हात उघडा, आणि मान थोडी डावीकडे कललेली. गर्दीत लांबूनही ओळखू यायचा.

आखातातल्या एका देशात फुटबॉलच्या वर्ल्ड कपसाठी स्टेडियम बांधली जात होती. त्या कामावर जायचं ठरल्यावर आप्पांनी त्याला एकच गोष्ट विचारली, तिकडे युनियन आहे का. भावाने नाही म्हणून सांगितलं. त्याला सोडायला मुंबईला मी एकटीच गेले.

तिथे त्याच्या खोलीत इगतपुरीकडचा एक जण होता. घाटमाथ्यावरच्या एका पाड्यातला, घरी भाताची शेती, वयाने भावापेक्षा थोडा मोठा. परक्या मुलखात नाशिक जिल्ह्यातलेच दोघे, म्हणून जोडी जमली. भाऊ त्याला ‘इगतपुरीवाला’ म्हणायचा, म्हणून आम्हीही तसंच म्हणायला लागलो. व्हिडिओ कॉलवर तो मागे खाटेवर बसून कांदा चिरताना दिसायचा. आईला हाक मारून सांगायचा, मावशी, तुमच्या पोराला साधी डाळ शिजवता येत नाय. आईला तो आवडायचा. भाऊ उपाशी राहणार नाही, एवढी खात्री तिला त्याच्यामुळे होती.

मॅचेस थंडीत व्हायच्या होत्या. त्याच्या आधी, इकडे पावसाळा आणि तिकडे भर उन्हाळा असताना, एका सकाळी भावाचा फोन आला. इगतपुरीवाला गेला, एवढंच तो म्हणाला. डोकं दुखतंय म्हणून झोपला आणि सकाळी उठलाच नाही. बोलता बोलता भाऊ रडायला लागला. ते रडणं खरं होतं. त्याबद्दल मला तेव्हाही शंका आली नाही.

काही दिवसांनी मृतदेह मुंबईला आला आणि तिथून ॲम्ब्युलन्सने घाट चढून पाड्यावर. आप्पा आणि मी गेलो. पावसाने समोरचा माणूस दिसत नव्हता. शवपेटी ओसरीवर ठेवली होती आणि बायका आतल्या अंगाला बसल्या होत्या. मृत्यू नैसर्गिक, असं तिकडच्या डॉक्टरांनी लिहून पाठवलं होतं. आप्पांनी ते कुणाकडून तरी वाचून घेतलं आणि मान हलवली. आमच्या शेजारी उभा असलेला गावातला एक माणूस दबक्या आवाजात म्हणाला, एवढा धडधाकट गडी असा मरत नाय, तिकडं जाऊन पीत असंल. आवाज दबका असला तरी आत पोचला असावा. मेलेल्याची बायको आत भिंतीला टेकून बसली होती. तिने मान वर केली आणि त्या माणसाकडे तो नजर वळवेपर्यंत पाहत राहिली.

पुढच्या फोनपासून भाऊ बदलला. व्हिडिओ कॉल बंद झाले. बोलायचा, पण आधीच ठरवून आल्यासारखा. हवामान, जेवण, आईचे गुडघे. एकदा मी सरळ विचारलं की इगतपुरीवाल्याला त्या दिवशी नेमकं काय झालं होतं.

तो म्हणाला, ‘कोण?’

मला वाटलं ऐकू गेलं नाही. मी पुन्हा नाव सांगितलं, गाव सांगितलं.

‘असेल कुणीतरी. इथे खूप माणसं असतात, ताई. सगळं चांगलं आहे.’

फोन स्पीकरवर होता. आप्पांनी ऐकलं आणि म्हणाले की त्याच्या शेजारी कुणीतरी उभं आहे. आई म्हणाली, दुःखाने असं होतं, माणूस नाव घेत नाही. माझ्या डोक्यात मात्र तिसरंच काही आलं होतं. त्याच सुमाराला त्याला टोळीचा मुकादम केलं होतं, हे त्यानेच आईला मोठ्या आनंदाने सांगितलं होतं. खोलीतला माणूस मेला, भावाला बढती मिळाली, आणि भाऊ त्या माणसाला ओळखेनासा झाला. या तिन्ही गोष्टी मी वेगवेगळ्या ठेवायचा प्रयत्न करत होते. त्या पुन्हा पुन्हा एकत्र येत होत्या.

दिवाळीच्या आधी मुंबईहून एका बाईंचा फोन आला. परदेशी गेलेल्या कामगारांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत त्या होत्या. आमचा नंबर त्यांना इगतपुरीवाल्याच्या बायकोने दिला होता. येऊन भेटू का, असं विचारलं. मी हो म्हणायच्या आधी त्यांच्या संस्थेचं नाव मोबाइलवर शोधलं, फोटोतला चेहरा पाहिला, आणि तरीही मला खात्री वाटेना. कामगारांच्या घरचे काय बोलतात हे काढून घ्यायला कंपनीच असं कुणाला तरी पाठवत नसेल कशावरून?

त्या आल्या. साध्या पंजाबी ड्रेसमधल्या, माझ्याच वयाच्या, बोलणं स्वच्छ मराठी. आईने केलेले पोहे त्यांनी आवडीने खाल्ले. मग विचारायला लागल्या. भाऊ उन्हाबद्दल काही बोलला होता का, दुपारची सुट्टी मिळायची का, प्यायचं पाणी वर पोचायचं का, पासपोर्ट कुणाकडे असतो. आम्हाला यातलं फारसं माहीत नव्हतं, हे त्यांच्या प्रश्नांमुळेच आम्हाला कळत होतं. सगळ्या जगाचं लक्ष आत्ता तिकडे आहे, म्हणून आत्ताच बोलायला हवं, असं त्यांचं म्हणणं होतं. भाऊ फोनवर बोलेल का, नाव गुप्त राहील.

आप्पांनी शांतपणे विचारलं, ‘तुमचा पगार कोण देतं?’

बाईंनी लपवलं नाही. युरोपातल्या देणग्यांमधून संस्था चालते, म्हणाल्या.

‘म्हणजे आज आमच्या पोराची आठवण आली, कारण तिथे फुटबॉल आहे,’ आप्पा म्हणाले. ‘फुटबॉल संपल्यावर याल?’

‘येईन.’

‘मग तेव्हा बोलू.’

त्या गेल्यावर आप्पा बराच वेळ खुर्चीतच बसून होते. बाई गोड बोलते, म्हणाले. संपाच्या वेळी कंपनीचा लेबर ऑफिसर असंच गोड बोलायचा. पोटच्या पोरासाठी ते घाबरले होते, हे मला दिसत होतं. पण तो शब्द त्यांच्याबद्दल वापरायची आमच्या घरात पद्धत नव्हती.

वर्ल्ड कप सुरू व्हायच्या एक-दोन दिवस आधी लॅबच्या रिसेप्शनवरची मुलगी मोबाइल घेऊन धावत आली. ताई, हा तुमचा भाऊ ना, तुमच्या डीपीमध्ये आहे तो? मी पाहिलं. दक्षिण अमेरिकेतल्या एका देशाचे निळे-पांढरे टी-शर्ट घातलेले शे-दोनशे लोक रस्त्याने नाचत चालले होते. हातात त्या देशाचे झेंडे. सगळे चेहरे आपल्याकडचे. आणि पुढे गळ्यात ढोल अडकवलेला, मान डावीकडे कललेली, माझा भाऊ.

व्हिडिओवर लिहिलं होतं की हे चाहते खोटे आहेत. बांधकामावरच्या मजुरांना टी-शर्ट घालून भाड्याने उभं केलं आहे, म्हणजे टीव्हीवर सगळं आनंदात दिसेल. जगभरची माणसं त्याखाली भांडत होती. कुणी म्हणत होतं, या लोकांकडे बघा, हे त्या देशाचे वाटतात का? कुणी उलट विचारत होतं, का, सावळ्या माणसाला दुसऱ्या देशाची टीम आवडू शकत नाही? मराठीतही कुणीतरी लिहिलं होतं, पैसे फेका, तमाशा बघा.

नमुने घेण्याच्या खोलीत जाऊन मी तो व्हिडिओ परत परत लावला. ठेका आमचाच होता, मिरवणुकीतला. पण चेहऱ्यावरून काही समजेना. तो हसत होता. तसा तो फोटो काढतानाही हसतो.

संध्याकाळी घरी दाखवला. आई म्हणाली, वाळलाय किती. आप्पांनी चष्मा लावून दोनदा पाहिलं आणि सांगितलं की याला उभं केलंय. कशावरून, असं मी विचारलं. ज्याच्या खोलीतला माणूस मरून चार महिने होत नाहीत तो असा नाचेल का, असं ते म्हणाले. मग मी भावाला फोन लावला. हो, मीच तो, म्हणाला, मजा आली. मी ‘मजा’ हा शब्द कानात धरून ठेवला. तो ‘सगळं चांगलं आहे’सारखा वाटत होता की वेगळा, हे मला ठरवता येईना. त्यांनी किती दिले, असं मी विचारलं.

त्याने फोन ठेवून दिला. असं त्याने आधी कधी केलं नव्हतं.

मॅचेस सुरू झाल्या. लॅबच्या वेटिंग रूममधल्या टीव्हीवर हायलाइट्स चालू असायचे आणि पेशंट कौतुकाने ते झगमगतं स्टेडियम बघायचे. कुणा युरोपियन टीमने निषेध म्हणून काहीतरी केलं, त्यांना कुणीतरी दटावलं, अशा बातम्याही यायच्या. तिकडे ते खेळाडू आणि इकडे आप्पांचे युनियनमधले जुने मित्र. आखातात गेलेल्या आणि परत न आलेल्या कामगारांच्या घरच्यांना घेऊन त्यांनी कलेक्टर कचेरीबाहेर धरणं धरलं. इगतपुरीवाल्याची बायको नवऱ्याचा फोटो मांडीवर घेऊन बसली होती. मित्रांनी आप्पांना भाषण करायला बोलावलं. आप्पांनी नकार दिला. पोरगा अजून तिकडे आहे, त्याचं नाव माझ्या नावाला जोडलेलं आहे, असं त्यांनी सांगितलं.

तरी ते रोज गेले. रस्त्याच्या पलीकडे चहाची गाडी होती, तिथे उभे राहायचे. एका दुपारी मी लॅबमधून सुटून तिथे गेले. समोर पाच-पंचवीस माणसं, एक बॅनर, एक साधा लाउडस्पीकर. आयुष्यभर गेटसमोर बोलणारा माणूस हातात चहाचा ग्लास धरून ते लांबून बघत होता. इगतपुरीवाल्याच्या बायकोने आमच्याकडे पाहिलं. तिने ओळखलं असं वाटलं. आप्पांनी ग्लासात पाहिलं.

तेवढ्यात साध्या कपड्यातला एक माणूस आप्पांच्या शेजारी येऊन उभा राहिला. फार अदबीने बोलत होता. काका, तुमचा मुलगा तिकडेच असतो ना, कुठल्या कंपनीत, कधी येणार? आप्पांनी विचारलं की तुम्ही कोण. असंच, ओळखीतला, असं म्हणून त्याने दोघांच्या चहाचे पैसे दिले आणि गेला.

आपला मुलगा तिकडे आहे हे त्या माणसाला कुणी सांगितलं, हा प्रश्न आप्पांच्या डोक्यातून गेला नाही. धरण्यातल्या कुणीतरीच, असं त्यांनी ठरवलं. पुढे ठरवता ठरवता ते एका मित्रावर येऊन थांबले. तीस वर्षं बरोबर काम केलेला मित्र. त्याच्याशी त्यांनी बोलणं सोडलं. तो माणूस पोलीस होता, कंपनीचा होता की खरंच कुणी ओळखीतला होता, हे आम्हाला कधीच कळलं नाही. मित्राने काही केलं होतं असंही कधी पुढे आलं नाही. बोलणं अजून बंदच आहे.

फायनल झाली, झगमगाट संपला, आणि काही आठवड्यांनी भाऊ परत आला. रंग करपलेला, गालफडं बसलेली. आल्या आल्या घरात पाहुणे, शेजारी, पेढे. सगळ्यांना तो मोबाइलमधले फोटो दाखवत होता. आप्पा काही विचारत नव्हते. पाहुणे पांगल्यावरच्या रविवारी दुपारचं जेवण झालं, आईने ताटं उचलली, आणि आप्पा म्हणाले, ‘आता शेजारी कुणी नाही. बोल.’

भाऊ बोलायला लागला तो चहाच्या वेळेपर्यंत.

त्या दिवशी बाहेरच्या देशांतले मोठे अधिकारी स्टेडियम बघायला येणार होते. भर दुपारी उन्हात काम करायचं नाही, असा तिकडे नियम होता आणि एरवी तो बराचसा पाळलाही जायचा. त्या दिवशी मात्र छताखालचं स्कॅफोल्डिंग काढून टाकायचं होतं, म्हणजे पाहुण्यांना काम पूर्ण झालेलं दिसेल. टोळी वरच राहिली. वरचं पाणी संपलं. लिफ्ट पाहुण्यांसाठी राखून ठेवलेली, आणि शिडीने खाली उतरायला मनाई, कारण मधल्या मजल्यावर फोटोग्राफर होते. इगतपुरीवाल्याला वरच उलटी झाली. खोलीवर आला तेव्हा अंग भाजत होतं आणि घाम येत नव्हता. भावाने कॅम्पच्या इन्चार्जला डॉक्टर बोलवायला सांगितलं. सकाळी बघू, असं उत्तर मिळालं.

सकाळी इन्चार्जने खोलीतल्या सगळ्यांना एकत्र केलं. याला आधीपासून ताप होता असं सांगायचं. फोनवर त्याचं नाव काढायचं नाही, फोन ऐकले जातात.

‘खरंच ऐकत होते?’ मी विचारलं.

‘माहीत नाही. नुसती भीती घातली असेल. मला अजूनही माहीत नाही.’

बढती त्यासाठीच दिली होती का, असं आप्पांनी विचारलं. भाऊ म्हणाला की मला तसं कुणी म्हटलं नाही, पण मी विचारलंही नाही. मग परत का नाही आलास, असं मी विचारलं. ते स्टेडियम भरलेलं बघायचं होतं, म्हणाला. एवढं लोखंड मी त्याच्याभोवती बांधलं आणि उतरवलं. आत माणसं बसल्यावर ते कसं दिसतं, ते बघितल्याशिवाय यायचं नव्हतं. शेवटी आत जायला मिळालं नाहीच. बसेस उभ्या असायच्या तिथून दिवे दिसले आणि आवाज ऐकू आला.

ढोलाचं मी विचारलं नव्हतं. ते त्याने आपणहून सांगितलं. शहरात केरळची बरीच माणसं होती, दुकानं असलेली, गाड्या चालवणारी, फुटबॉलची वेडी. त्यांच्याकडे ढोल होते आणि ते त्याला नासिक ढोल म्हणायचे. हा नाशिकचा आहे, असं कळल्यावर त्यांनी ढोल त्याच्या गळ्यात घातला आणि टी-शर्टही दिला. त्यांना त्या टीमचा एक खेळाडू आवडायचा. भावाला फुटबॉलमधलं काहीच कळत नव्हतं.

‘पैसे?’ आप्पा म्हणाले.

‘नाही.’

‘कंपनीचं कुणी?’

‘नाही, आप्पा. मला बरं वाटत होतं. इगतपुरीवाला गेल्यापासून पहिल्यांदा बरं वाटत होतं. म्हणून वाजवत होतो.’

आम्ही सगळ्यांनी नेमक्या त्याच गोष्टीवर संशय घेतला होता. खोटं होतं ते आमच्या घरात आठवड्याला दोन फोनांमधून येत होतं आणि आई त्यावर निर्धास्त झोपत होती.

दुसऱ्या दिवशी मी मुंबईच्या बाईंना फोन केला. फुटबॉल संपला, आता कुठल्या येतात, असं आप्पांना वाटत होतं. त्या त्याच आठवड्यात आल्या. दोन दिवस भावासमोर बसल्या, बारीकसारीक विचारून घेतलं, लिफ्ट कुठे होती त्याचं चित्र काढून घेतलं. आप्पा दाराशी खुर्ची टाकून बसले होते आणि एकदाही मध्ये बोलले नाहीत. उठताना बाईंनी त्या व्हिडिओची गोष्ट काढली. मजुरांकडून आनंदाचा देखावा करून घेतला जातो, याचं उदाहरण म्हणून तो अहवालात वापरायचा होता. भावाने नाही म्हटलं. त्यांना वाटलं त्याला चेहरा ओळखू येण्याची भीती आहे. चेहरा पुसून टाकू, म्हणाल्या.

‘तसं नाही, मॅडम. ढोल मी माझ्या मनाने वाजवला.’

‘दबाव दर वेळी उघड असतोच असं नाही,’ त्या हळुवारपणे म्हणाल्या.

‘मॅडम, ते ऊन घ्या, पाणी नव्हतं ते घ्या, मी घाबरून गप्प बसलो तेही घ्या. ढोल घेऊ नका.’

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांचा विश्वास बसला नव्हता, हे मला कळलं. ती नजर मी रोज लॅबमध्ये वापरते. पण त्यांनी त्याचं ऐकलं. अहवाल इंग्रजीत आला, त्यात भावाचं नाव बदललेलं होतं आणि ढोल कुठेच नव्हता. इगतपुरीवाल्याबद्दल एक परिच्छेद होता. सगळे नियम पाळले गेले, असं कंपनीचं उत्तर खाली छापलेलं होतं. मी आप्पांना मराठीत वाचून दाखवलं. त्यांनी एक-दोन वाक्यं पुन्हा वाचायला लावली आणि म्हणाले, बरोबर लिहिलंय. त्यांच्याकडून यापेक्षा मोठं कौतुक मी ऐकलेलं नाही.

पाड्यावर जायचं भाऊ टाळत होता. अखेर आप्पाच म्हणाले की चला, आणि आम्ही तिघं एसटीने गेलो. भात झोडून झालं होतं, पेंढ्याच्या गंज्या रचलेल्या होत्या. इगतपुरीवाल्याच्या बायकोने आम्हाला ओसरीवर बसवलं, पाणी दिलं, आणि आप्पांकडे बघून म्हणाली, ‘तुमी पलीकडं उभं व्हते. च्या पीत.’

‘हो,’ आप्पा म्हणाले.

मग ती भावाकडे वळली. ‘तुमाला मी फोन केला व्हता. तुमी म्हनले, असा कोन मानूस मला म्हाईत नाय.’

हे आम्हाला भावाने सांगितलं नव्हतं. त्याने खाली बघून मान डोलावली. माफी मागायला लागला तर तिने हातानेच थांबवलं आणि काय झालं ते सांगा, असं म्हणाली. त्याने सांगितलं. छत, ऊन, लिफ्ट, उलटी, इन्चार्ज, सगळं. ऐकताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. तो थांबल्यावर तिने विचारलं, ‘दारू पीत व्हते का ते?’

‘नाही, वहिनी. कधीच नाही.’

‘मला ठावं हाय. हे मला नगा सांगू.’

ती उठून अंगणात गेली आणि हाका मारायला लागली. सासऱ्याला शेतातून बोलावलं, दिराला बोलावलं, शेजारपाजारच्यांना बोलावलं. शेवटी त्यालाही बोलावलं, जो अंत्यविधीच्या दिवशी आमच्या शेजारी उभा राहून बोलला होता. सगळे जमल्यावर भावाला म्हणाली, आता सांगा.

भावाने अंगणात उभं राहून पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. तो माणूस शेवटपर्यंत हाताची घडी घालून ऐकत होता. मग म्हणाला, ‘आदी वळखत नाय म्हनला, आता समदं सांगतो. आमी कोनतं खरं धरायचं?’

प्रश्न रास्त होता. मीही तोच विचारला असता. मी भावाकडे पाहिलं.

‘धरू नका,’ भाऊ म्हणाला. ‘पण मी त्याच्या शेजारच्या खाटेवर झोपायचो. त्याच्या तोंडाला मला कधी वास आला नाही.’

म्हातारे सासरे इतका वेळ कुंपणाला धरून उभे होते. त्यांनी विचारलं, त्याला तहान लागलेली व्हती का. भाऊ हो म्हणाला. म्हातारे जमिनीवर बसले. त्यांच्या सुनेने आतून तांब्या आणून त्यांच्यासमोर ठेवला आणि जमलेल्यांना म्हणाली, झालं, जा आता घरला. आम्हालाही तिने फार वेळ थांबवलं नाही. जाताना एसटी कुठे थांबते तेवढं दाखवलं.

भाऊ आता सातपूरमध्येच एका वर्कशॉपमध्ये आहे. भरपाईसाठी इगतपुरीवाल्याच्या बायकोचा अर्ज अजून फिरतो आहे. मुंबईच्या बाई मदत करतात, पण सरकारी कचेरीत कुणीतरी बरोबर लागतं. तेव्हा ती भावाला फोन करते आणि तो अर्धा दिवस रजा टाकून जातो. ती त्याच्यावर विश्वास ठेवते का, मला सांगता येणार नाही. मध्ये एकदा मीही गेले होते. काउंटरवरच्या कारकुनाने भावाकडे पेन रोखून विचारलं की तुम्ही मयताचे कोण. भाऊ चाचपडला. मित्र म्हणावं की साक्षीदार, हे त्याला सुचत नव्हतं.

‘त्यांच्या खोलीतले हायत,’ ती म्हणाली, आणि पुढची कागदपत्रं काउंटरवर ठेवली.